फ्लेमिंगो बघायला म्हणून गेलो

उजनी धरणाच्या काठच्या भिगवणचे फ्लेमिंगो बघायचे तर पहाटे निघा, असं सगळेच सांगतात. पण पहाट म्हणजे कोथरूडहून साडेतीनला, असं सांगणारी फक्त आमची आत्या.

"उजाडल्यावर गेलास तर पाणी खोटं बोलतं," ती म्हणाली. म्हणजे काय? तर पाण्यातलं शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. दुपारी बघाल तर तळं ठणठणीत. खरी तब्येत कळते ती सूर्य उगवायच्या जरा आधी. मला पक्षी बघायचे होते, पाण्याची तब्येत नव्हे. पण गाडीत आत्याला घेतलं की पिशव्या तिच्याच असतात.

आत्याची सगळी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली आणि सगळा जीव गोड्या पाण्याच्या तळ्यांत. घरात तिच्या संशोधनाचं वर्णन एका वाक्यात व्हायचं: "ती ना, तळ्यावर गेलीय." पीएचडीसाठी चार वर्षं, दर महिन्याला, पाषाण तलाव. पीएमटीने जायची, मांडीवर बरण्या घेऊन. एका कंडक्टरने विचारलं होतं, "ताक का हो?" ही म्हणाली, पाणी. "पाषाणहून पाणी? गावातले नळ गेले काय?" पाण्यातले सूक्ष्म जीव गाळायची जाळी बोल्टिंग सिल्कची लागते, पिठाच्या गिरणीत मैदा चाळायला वापरतात ते कापड. लक्ष्मी रोडच्या शिंप्याने ती शिवून दिली आणि वर विचारलं, "बासुंदीसाठी का, ताई?" हे किस्से मी शंभरदा ऐकलेत. त्या चार वर्षांत तिने नेमकं काय शोधलं, हे मात्र पन्नाशीला टेकेपर्यंत विचारलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी तिने मला खडकवासल्याला नेलं. ("बघायचं तर वरून खाली बघत यायचं.") धरणाच्या चौपाटीवर रविवारची गर्दी, कणसांचा धूर, भजी, हॉर्न. मला तिथे पाच मिनिटंही थांबवत नाही. आत्या शांतपणे पाण्याच्या काठाशी वाकली आणि एक बाटली भरून घेतली.

पहाटे हडपसरपासून लोणीपर्यंत गाडीत कॅनडाच चाललं होतं. तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक जुना फोटो चिकटवलेला आहे, विमानातून काढलेला. ओंटारियोमधलं एक तळं, नाव नाही, नुसता नंबर: २२६. तळ्यांचा अभ्यास करणारा डेव्हिड शिंडलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली त्या तळ्याच्या अरुंद कमरेत प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, एकीकडे शिवाय फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, पालकाची भाजी पातळ केल्यासारखा. दुसरा तसाच काळाभोर. साबणवाले (त्यांच्या पावडरीत फॉस्फरस असायचा) तोवर म्हणत होते की तळी हिरवी होतात त्यात दोष कार्बनचा आहे, आमचा नाही.

"त्यांना पडदा विकत आणावा लागला," आत्या म्हणाली. "आपल्याकडे वर खडकवासला, खाली उजनी आणि मध्ये पुणं."

थेऊर फाट्याला तिने गाडी आत वळवायला लावली. मला वाटलं, चिंतामणीचं दर्शन. मी चपला कुठे काढायच्या त्याचा विचार करेपर्यंत ही मुळा-मुठेच्या पुलाकडे निघाली होती. अंधारात नदी दिसायच्या आधी वास आला. मग टॉर्चच्या उजेडात जलपर्णी, काठापासून काठापर्यंत, इतकी दाट की कुणी अनोळखी माणूस हिरवळ समजून पाय टाकेल. पर्णीच्या फटीत पांढरा फेस. नाकाला रुमाल लावून मी टॉर्च धरला. सत्तरीची बाई दोरीला बांधलेलं भांडं पुलावरून खाली सोडते आहे आणि एक दूधवाला मोटरसायकल थांबवून बघतो आहे. तो काही बोलला नाही. आत्महत्या नव्हे याची खात्री झाल्यावर गेला.

आता ते बाटलीचं सांगतो, कारण त्यासाठीच हे लिहायला बसलोय. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घरापर्यंत तसाच राहत नाही, म्हणून तो जागच्या जागी 'बांधून' ठेवतात. विंकलर नावाच्या हंगेरियन माणसाने १८८८ मध्ये काढलेली युक्ती, अजून चालते. काचेच्या बुचाची बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा आत राहता कामा नये. एका पिपेटने मँगनीज सल्फेट, दुसऱ्याने अल्कली आणि आयोडाइड, बूच लावायचं, उलटसुलट करायचं. ऑक्सिजन असेल तर आत तपकिरी साका धरतो. खडकवासल्याच्या बाटलीत आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर धरला होता, चहाच्या चोथ्यासारखा.

थेऊरच्या बाटलीत साका धरला, पण पांढरा. मला वाटलं, वेळ लागत असेल. मी बाटली पुन्हा हलवली. पांढराच. चुना कालवल्यासारखा.

"हलवू नकोस," आत्या म्हणाली. "तो होणार नाही आता."

मी विचारलं, आपल्या घरचं पाणी इथूनच येतं का? ती म्हणाली, आपल्या घरचं पाणी इथे येतं. तेवढा एक 'ऊन' गाळून तिने बाटली पिशवीत ठेवली. पुढे यवत, पाटस कधी गेलं मला कळलं नाही. चहाला थांबू असंही मी म्हणालो नाही, आणि हे माझ्या बाबतीत नोंद घेण्याजोगं आहे.

ही नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत साठते. यशवंतसागर, ११७ टीएमसी. भिगवणला पोचलो तेव्हा फटफटत होतं आणि काठावर आमच्याआधी चाळीसेक माणसं, तोफेएवढ्या लेन्स, एकसारख्या मातकट टोप्या. पक्षी बघायला येणाऱ्या लोकांइतका आरडाओरडा मी लग्नातही ऐकलेला नाही. "जवळ घ्या, अजून जवळ घ्या, उडवा ना जरा!" आमच्या होडीवाल्यालाही सवयीने वाटलं की उडवायचे आहेत. आत्याने त्याला अशा आवाजात थांबवलं की मला शाळा आठवली.

मग तो तिला मावशी म्हणायला लागला आणि होडी पक्ष्यांकडे न जाता चिखलाकडे गेली. तिने गाळ उपसला, चाळणीत पाण्याने धुतला. तळाशी बारीक लालभडक अळ्या वळवळत होत्या. लाल का, तर त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. जिथे ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो तिथेही त्या तग धरतात. फ्लेमिंगो मान उलटी करून चिखल गाळतो तेव्हा त्याला मिळणाऱ्या खाण्यात ह्याही असतात. तिच्या प्रबंधातली निम्मी पानं ह्या अळ्यांच्या मोजणीची.

होडीवाला बघत होता. म्हणाला, "मावशी, उन्हाळ्यात पहाटंला मासं वर येऊन आ करत्यात. ऊन पडलं की जात्यात खाली. आमचं म्हातारं म्हणायचं, पाण्याला रातीला धाप लागती."

आत्याने चाळणी खाली ठेवली. "हे सिद्ध करायला मला चार वर्षं लागली," ती मला म्हणाली, आणि त्याला म्हणाली, "म्हातारे आहेत का अजून?" नव्हते.

फ्लेमिंगो दिसले. भरपूर. गुलाबी.

दुपारी चिलापी फ्राय खाल्ली, मी जरा बिचकत, आत्याने काटे वेचून दोन. परत येताना हडपसरला दीड तास अडकलो.

संध्याकाळी तिच्या बाल्कनीत ब्युरेट उभं होतं, थेंब मोजून सोडायची काचेची नळी. स्टार्चचं द्रावण म्हणून ती साबुदाण्याची पेज वापरते. उजनीच्या बाटलीत ॲसिड पडल्यावर साका विरघळला, पेज घातली, निळं झालं; ऑक्सिजन असेल तरच होतं. मग थेंब, थेंब, आणि एका थेंबाला निळं गेलं. जितके थेंब लागले, तितका ऑक्सिजन. तिने आकडा सांगितला, मी वहीत लिहिला. थेऊरच्या बाटलीत ॲसिड घातलं, पेज घातली. निळं झालंच नाही. ब्युरेटला हात लावायची वेळच आली नाही.

"लिही," आत्या म्हणाली, आणि आत भात लावायला गेली.