अमृत कोकमाच्या बाटलीवरचे १४ आकडे

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्या अंगणात आमसुलांना तिसरं पुट बसत होतं. ज्यांनी आमसुलं कधी केली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पिकलेला रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडून साल वेगळी काढायची, आतल्या बियांच्या गराला मीठ लावायचं, सुटलेल्या रसात साली बुडवून उन्हात घालायच्या, सुकल्या की परत बुडवायच्या. हे एकेक बुडवणं म्हणजे पुट. पाच-सहा पुटं बसली की आमसूल काळंभोर आणि मऊ होतं. त्या रात्री आम्ही तट्टे उचलून पडवीत आणले, पण हवेतच पाणी होतं आणि वीज आठवडाभर आली नाही. चाळीसेक किलो माल बुरशी येऊन शेणखताच्या खड्ड्यात गेला. आमचा वर्षाचा निम्मा माल होता तो.

आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात परुळ्याच्या बाजूला. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून कोकम करतात. मुंबईचे चाकरमानी मे महिन्यात येतात आणि जाताना आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि अमृत कोकम (सालींना साखर घालून केलेला सरबताचा पाक) घेऊन जातात, एवढाच आमचा धंदा. त्या वादळानंतर मी ठरवलं की ड्रायर घ्यायचा. बँकेत गेले. पहिला प्रश्न आला, ‘अन्न परवाना आहे का?’

वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर त्या वेळी परवाना लागत नव्हता, एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेची, साधी नोंदणी पुरायची. फी वर्षाला १०० रुपये, एकदम पाच वर्षांची भरता येत होती. अर्ज त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर. मी सेवा केंद्रात जाऊन बसले आणि तिथल्या मुलाने भराभर बटणं दाबली. काही दिवसांत १४ आकडी नंबर आला, तो मी देवापुढे ठेवला. महिन्याभराने कृषी विभागाचे संसाधन व्यक्ती, म्हणजे अर्जाच्या कामात मदत करणारे, घरी आले. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, ‘वहिनी, तुम्ही माल बनवता की नुसता विकता?’ त्या मुलाने ‘किरकोळ विक्रेता’ निवडलं होतं. म्हणजे दुसऱ्याने बनवलेलं कोकम मी विकायला मोकळी होते, पण माझं स्वतःचं बनवायला नाही. नोंदणी नव्याने करावी लागली. अर्ज कोणीही भरून देऊ दे, ‘सबमिट’ करण्याआधी व्यवसायाचा प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. उत्पादक, विक्रेता, साठवणूक हे सगळे वेगळे आहेत.

दुसऱ्या वेळी घराच्या पुराव्यावर अडलं. विजेचं बिल अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झालेली. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा आणि घरातल्या सगळ्यांचं संमतीपत्र जोडल्यावर काम झालं. दीर ठाण्याला. त्यांची सही यायलाच वीस दिवस गेले.

उद्यम नोंदणीबद्दल, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीबद्दल, एवढंच सांगते की ती फुकट आहे. आधार आणि मोबाइल हाताशी असला की घरबसल्या होते. मी दिसायला अगदी सरकारी वाटणाऱ्या एका साइटवर दीड हजार रुपये भरले आणि नंतर खरी नोंदणी एक पैसाही न देता केली.

या सगळ्यात मला सर्वांत जड गेलं ते माप लिहिणं.

अर्जात, बँकेच्या प्रकल्प अहवालात, लेबलवर, सगळीकडे तोच प्रश्न: किती घालता? मी सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘लागता तेवढा घालूचा. मोजूचा काय तेच्यात?’ चाळीस वर्षं त्यांच्या हाताला कळत आलं आहे. रातांबा कुठल्या झाडाचा, किती पिकलेला, ऊन कसं पडलंय, यावर त्यांची मूठ कमी-जास्त होते. ते कागदावर कसं आणायचं? शेवटी मी त्यांना काही सांगितलंच नाही. साखरेचा डबा वजनकाट्यावर ठेवायचा, त्यांनी मूठ घेतली की परत वजन बघायचं. मिठाचंही तसंच. सबंध एक हंगाम मी एवढंच केलं. एका वेळी केलेला माल म्हणजे एक घाणा; अशा नऊ घाण्यांची सरासरी काढली तर किलोभर सालीला पावणेदोन ते दोन किलो साखर येत होती, आणि ढगाळ दिवसांत त्या नेमकी जास्त घालत होत्या. का, ते त्यांना सांगता आलं नाही. मला मात्र कळलं: ऊन कमी तर पाणी कमी उडतं, मग टिकवण्याचं काम साखरेलाच करावं लागतं.

नियमाप्रमाणे फळाच्या सरबताच्या पाकात विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के लागतात. ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाची नळी मिळते. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. सासूबाईंच्या नऊ घाण्यांपैकी सात ६५ च्या वर होते. मी एकटीने केलेल्या पहिल्या घाण्याचा आकडा ५८.

विहिरीचं पाणीही तपासून घेतलं. अमृत कोकमात पाणी पडत नाही, पण रातांबे आणि बरण्या त्याच पाण्याने धुतल्या जातात. नमुना दूषित निघाला. गोठा विहिरीला फार जवळ आहे. टीसीएल (जंतुनाशक पावडर) टाकून आणि गोठ्याचं पाणी दुसरीकडे वळवून तिसऱ्यांदा पाठवला तेव्हा ‘पिण्यायोग्य’ असं आलं. हे मला कोणी करायला लावलं नव्हतं, पण ते पाणी आम्ही रोज पीत होतो.

लेबलाचं काम मी आमच्या वाडीतल्या भाऊंना दिलं. भाऊ मूर्तिकार, त्यांची गणपतीची शाळा आहे. चतुर्थी झाली की त्यांचा हात मोकळा. त्यांनी फांदीवर तीन रातांबे, मागे माडांची रांग आणि समुद्राची एकच निळी रेघ काढली. अक्षरं हाताने लिहिली: ‘घरगुती शुद्ध अमृत कोकम’. इतकं देखणं लेबल मी बाजारात दुसरं पाहिलेलं नाही. मग नियम वाचायला घेतले. ‘घरचं बनवलेलं’ अशा अर्थाचे शब्द ग्राहकाचा गैरसमज करतात म्हणून चालत नाहीत. ‘शुद्ध’ला अटी आहेत आणि आमच्या बाटलीत साखर-मीठ-जिरं आहे, म्हणजे तोही शब्द गेला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, म्हणून पहिला शब्द ‘साखर’, कोकम दुसरं. निव्वळ प्रमाण, घाणा क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसहित किंमत, पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरव्या चौकोनातलं हिरवं वर्तुळ, पोषणमूल्यांचा तक्ता आणि ते १४ आकडे. शिवाय हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत हवाच. मराठी त्यासोबत चालेल, पण एकटी मराठी चालत नाही. कोकम आमचं, गिऱ्हाईक बहुतेक मराठी, तरी हे असं. मला ते अजूनही पटलेलं नाही.

भाऊंना सांगायला गेले तेव्हा माझ्या पोटात गोळा होता. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘बाटली गोल असता ना? मग पाठ आसा की.’ चित्र त्यांनी पुढे ठेवलं आणि नियमांचा सगळा मजकूर मागच्या बाजूला समुद्राच्या रेघेखाली अशा ओळींत बसवला की ती वाळू वाटते. ‘घरगुती’च्या जागी ‘पारंपरिक’ आलं. पिढ्यान्‌पिढ्या तशीच चालत आलेली कृती असेल तर तो शब्द वापरता येतो. आमची कृती सासूबाईंच्या सासूबाईंची आहे. मी पैसे किती ते विचारलं तर भाऊ नको म्हणाले. मी दिलेच. चित्र हे त्यांचं पोट आहे, आणि दुकानदार आमची बाटली पहिल्यांदा हातात घेतो तो चित्रासाठीच.

वजनकाट्यावर वैधमापनचा, म्हणजे वजनमाप खात्याचा, शिक्का आणि त्यांच्याकडे आवेष्टक (माल बंद करून विकणारा) म्हणून नोंदणी, ५०० रुपये, हे मात्र विसरू नका. बाटलीबंद विकायला लागलात की ते लागतंच.

कर्ज प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून झालं. त्या वेळी अनुदान ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख होतं, स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागत होते. अनुदान हातात मिळत नाही, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते बँकेत तुमच्या कर्जासमोर बाजूला ठेवतात आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले तर कर्जात वळतं करतात. मी त्या पैशांत बाटल्या घ्यायचं गणित मांडलं होतं. बाटल्या शेवटी बचत गटातून पैसे उचलून आणल्या. ड्रायर २०२३ च्या एप्रिलमध्ये आला.

गेल्या वर्षी जूनमध्ये पुण्याहून एका बाईंचा फोन आला. झाकण उघडताच बाटली फसफसली होती. मी त्यांना घाणा क्रमांक विचारला. १४. वही काढली. १९ मे, दोन दिवस आभाळ, पाकाचा आकडा ६२, माझ्याच अक्षरात. चिपी विमानतळाजवळच्या दुकानदाराला माल त्याच दिवशी हवा होता, म्हणून मी दोन दिवस थांबायचं सोडून बाटल्या भरल्या होत्या. त्या घाण्याच्या एकंदर ३१ बाटल्या, तीन दुकानांत गेलेल्या. संध्याकाळपर्यंत नवऱ्याने मोटारसायकलवरून २३ परत आणल्या. विकल्या गेलेल्यांपैकी पाच जणांना दुकानदारांनी ओळखीवर फोन लावला. पुण्याच्या बाईंना मी नवीन बाटली पाठवली.

परत आलेल्यांतली एक उघडून सासूबाईंनी बोटावर थेंब घेतला आणि जिभेला लावला. वही त्यांना दाखवली नव्हती.

‘साखर कमी पडली हा गो हेका,’ त्या म्हणाल्या.