चाक बदलायचंय? आधी मधलं भोक मोजा

ढकलगाडीचं, गवत कापण्याच्या यंत्राचं किंवा छोट्या ट्रेलरचं चाक गेलं की बहुतेक जण टायरवरचा आकडा टिपून घेतात आणि तेवढ्यावर नवं चाक मागवतात. टायर अगदी तसाच येतो, पण चाक ॲक्सलवर चढत नाही. चाक बसणार की नाही हे हब, म्हणजे चाकाचा ॲक्सलवर बसणारा मधला भाग, ठरवतो, म्हणून मोजायला मध्यापासून सुरुवात करा.

जुनं चाक काढून ॲक्सल डिझेलच्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि त्यावरून नख फिरवा. जो ॲक्सल स्वतः फिरत नाही तो खालच्या बाजूने झिजतो, कारण सगळा भार तिथेच टेकलेला असतो. झीज जिथे सुरू होते तिथे नखाला बारीक पायरी लागते. कॅलिपर त्या पायरीच्या बाहेर, न झिजलेल्या भागावर लावा. नाहीतर २० मिमीचा ॲक्सल १९ दाखवतो, आपण पाऊण इंची भोकाचं चाक आणतो, आणि पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी असल्याने ते टोकालाच अडतं. याच्या उलट, पाऊण इंची ॲक्सलवर २० मिमीचं चाक सहज चढतं, पण जवळपास १ मिमी ढिलाई राहते. चाक डुलतं आणि बुश (भोकातली नळी) खाऊन टाकतं. १६ मिमीच्या भोकात ५/८ इंची म्हणजे १५.८८ मिमीचा ॲक्सल मात्र खुशाल चालतो. पायरी खोल असेल तर नव्या चाकाचा उपयोग नाही. आधी ॲक्सल बदला. तो क्लॅम्पने धरलेला साधा गोल दांडा असेल, तर अर्धा फिरवून चांगली बाजू खाली आणली तरी चालतं.

मग हबची लांबी घ्या, भोकाच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत. टायरच्या रुंदीशी तिचा संबंध नाही. हब आखूड असेल तर दोन्हीकडे वॉशर घालून भरून काढता येतो, लांब असेल तर काही करता येत नाही. हब मधोमध आहे की एका बाजूला सरकलेला, तेही बघा. सरकलेल्या हबचं चाक उलटं लागलं की टायर फ्रेमला घासतो.

रिम आणि टायर धड असतील तर कदाचित फक्त बेअरिंगच गेलेलं असेल. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०४ म्हणजे आतून २०, बाहेरून ४७ आणि जाडी १४ मिमी. ६२०५ म्हणजे २५, ५२, १५. चिखल-धुळीच्या कामाला दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलंच घ्या.

बोल्टने बसणाऱ्या चाकाला पीसीडी लागतो, म्हणजे बोल्टच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार किंवा सहा बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टांचे मध्य मोजा. पाच बोल्टांत समोर कोणी नसतो, म्हणून शेजारच्या दोन बोल्टांमधलं अंतर घेऊन १.७०१ ने गुणा. ६७.२ मिमी आलं तर पीसीडी ११४.३.

आता टायर. ४.००-८ मध्ये ४ इंच रुंदी आणि ८ इंच रिम. १५x६.००-६ मध्ये पहिला आकडा बाहेरच्या व्यासाचा. जमिनीवरून फिरणाऱ्या चाकावर चालणाऱ्या पेरणी यंत्रात या व्यासाशी अजिबात तडजोड करू नका, कारण बियाणं चाकाच्या फेऱ्यांवर पडतं. ४० सेंमीचं चाक १०० मीटरमध्ये साधारण ८० फेरे घेतं, ४४ सेंमीचं ७२. गिअर न बदलता बियाणं सुमारे ९ टक्के कमी पडलं, आणि ते कळतं उगवण झाल्यावर. गवत कापण्याच्या यंत्राचं चाक २ इंचांनी मोठं केलं तर पातं १ इंच वर जातं.

भाराचा हिशेब कंजूषपणे करू नका. चार चाकांच्या ट्रॉलीत वजनाला तीनने भागा, कारण खडबडीत जमिनीवर एक चाक बहुधा अधांतरीच असतं. दोन चाकांच्या ट्रेलरला मालात ट्रेलरचं स्वतःचं वजन धरून निम्मं करा आणि वर दीडपट ठेवा: एकूण ५०० किलो असेल तर प्रत्येक चाक ३७५ चं. टायरवरचा ४ पीआर (प्लाय रेटिंग) हा ताकदीचा दर्जा आहे, आत चार थर आहेतच असं नाही.

बाभळीच्या काट्यांत भरीव चाक सोयीचं वाटतं आणि ढकलगाडीला ते उत्तमच. पण त्याचा भार चालण्याच्या वेगासाठी लिहिलेला असतो. वाहनामागे जोरात ओढलं तर ते आतून तापून फाटतं, आणि सगळे हादरे ॲक्सलवर येतात.

दोन अर्धांचा, बोल्टने जोडलेला रिम असेल तर हवा पूर्ण काढल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका. भरलेला टायर ते अर्ध जीवघेण्या जोराने उडवतो. चाक बसवल्यावर हाताने फिरवा, आडवं हलवून ढिलाई बघा, आणि भार घेऊन पहिली खेप झाली की नट पुन्हा आवळा.