चाकाखालची फळी : आमच्या वर्कशॉपची वाटचाल

गोव्यात डिचोलीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बाबांच्या काळी एकच काम चालायचं, खनिजाच्या ट्रकांचं. फाळका वाकला, चेसिसला तडा गेला, हौद्याच्या पत्र्याची चाळण झाली, हौदा उचलणाऱ्या जॅकचं सील फुटून तेल गळायला लागलं, की ट्रक आमच्या दारात उभा. पावसाळा सोडला तर रात्री दहापर्यंत वेल्डिंगचा उजेड रस्त्यावरून दिसायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मधे थोडीफार हालचाल झाली, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चपासून डिचोली, सत्तरी, सांगेतले ट्रक पुन्हा मालकांच्या दारापुढे थांबून राहिले. ज्यांच्या डोक्यावर गाडीचे हप्ते होते, त्यांच्याकडे दुरुस्तीचे पैसे कसे मागणार? बाबांनी मागितले नाहीत. वहीतली ती पानं आजही तशीच आहेत.

त्या वर्षी चवथीला मी पणजीहून घरी आले ती राहिलेच. नोकरी सोडली. बाबा, मी आणि मिस्त्री असे तिघे उरलो होतो. मिस्त्री माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे. मी त्यांना मिस्त्रीच म्हणते, ते मला बाय म्हणतात. आधी आम्ही खाण्याच्या गाड्यांचे ट्रेलर केले, मग काजूबागायतीतली बोंडं वाहायच्या लहान ट्रॉल्या. २०२० च्या टाळेबंदीनंतर लोकांना हॉटेल नको झालं होतं, घराबाहेर पडायचं मात्र होतं. पुढच्या वर्षी महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि राहायच्या ट्रेलरबद्दल फोन यायला लागले. पहिला ट्रेलर २०२१ च्या पावसाळ्यात बांधला. चौदा फुटी, एका आसाचा, दोन बाकं जोडून होणारा पलंग, छोटा ओटा, मागे न्हाणीघर. आज असे चार आहेत. ते आम्ही भाड्याने देतो, ओढून नेऊन लावून देतो आणि दुसऱ्या दिवशी आणतो.

पहिला ट्रेलर तयार झाल्यावर आई त्यात स्वयंपाक करून बघते म्हणाली. वर्कशॉपमागच्या मोरडावर, म्हणजे चढावरच्या जमिनीवर, तो उभा होता. तिने तव्यावर घावनाचं पीठ घातलं, ते सरळ उजवीकडे वाहत गेलं. एका कडेला जाड लादी आणि दुसऱ्या कडेला जाळीसुद्धा पडेना. "हे घर वाकडं आहे," एवढंच म्हणाली. मिस्त्रींनी ओट्यावर पाणसळ, म्हणजे पातळी बघायची नळी, ठेवली. बुडबुडा पार टोकाला.

ट्रेलर समतल करणं हे या धंद्यातलं रोजचं काम आहे, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते कामच वाटत नाही. आमच्या ट्रेलरच्या दोन चाकांमध्ये सहा फुटांचं अंतर आहे. जमीन एक अंश कलली की खालच्या बाजूचं चाक सव्वा इंच खाली. तीन अंश म्हणजे पावणेचार इंच. डोळ्यांना तीन अंश दिसत नाहीत, पण पलंगावर झोपलेल्या माणसाला रात्रभर कळतात, न्हाणीघरातलं पाणी मोरीकडे न जाता दाराशी साचतं, आणि उघडलेलं कपाट उघडं राहत नाही. आधी खालच्या चाकाखाली फळ्या सरकवून गाडी मागेपुढे करत आडवी पातळी साधायची. मग चाकांना ठोकळे लावायचे. त्यानंतरच गाडीपासून ट्रेलर सोडायचा आणि पुढच्या हँडलच्या चाकाने उभी, म्हणजे पुढून मागची, पातळी साधायची. शेवटी चार कोपऱ्यांचे टेकू उतरवायचे. हे टेकू हलू नये म्हणून असतात, उचलायला नव्हे. कितीतरी लोक टेकूंवरच ट्रेलर उचलायला जातात आणि चौकट पिळवटून घेतात. दोन माणसांना अर्धा तास लागतो, पाऊस असला तर तासभर.

फ्रिजने आम्हाला पातळीचा धडा महागात दिला. पहिल्या ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारा जुना फ्रिज बसवला होता. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्यावर तो चालतो, आणि आतलं द्रावण केवळ उतारावरून आपोआप परत बॉयलरकडे वाहत येतं. ट्रेलर फार कलला की द्रावण नळीत अडकतं, बॉयलर मात्र तापत राहतो आणि नळीत घट्ट थर बसतो. तशा फ्रिजला साधारण तीन अंशांपलीकडे आडवा कल सोसत नाही. आमचा एका हंगामात गेला. त्यानंतर चारही ट्रेलरमध्ये बारा व्होल्टवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रिज घातले, त्यांना एवढ्यातेवढ्या कलाचं काही वाटत नाही. पुढे निर्णय घेताना ही गोष्ट फार उपयोगी पडली. यंत्रासाठी काटेकोर पातळीची गरज संपली होती, उरला होता प्रश्न माणसांचा.

गेल्या वर्षीच्या आदल्या जुलैत एक कुटुंब केरीजवळच्या कुळागरात, म्हणजे माडापोफळीच्या बागेत, उतरलं होतं. बरोबर गुडघे दुखणाऱ्या आजी. दुपारी आम्ही ट्रेलर पाणसळीत लावून दिला. संध्याकाळपासून सत्तरीत कोसळतो तसा पाऊस सुरू झाला. रात्री दीडला फोन आला, ट्रेलर एका अंगाला झुकलाय. मी आणि मिस्त्री निघालो. उजवं चाक फळीसकट चार बोटं चिखलात गेलं होतं. आजी पलंगावर बसून होत्या. म्हणाल्या, "पोरी, डोकं खाली आणि पाय वर झालेत गं माझे." सगळ्यांना झाडाखालच्या गाडीत बसवलं आणि मिस्त्री बाटली जॅक घेऊन ट्रेलरखाली गेले. मी बॅटरी धरली होती. जॅक वर चढताना त्याखालची फळी चिखलात तिरकी होत होती, हे मला उजेडात स्पष्ट दिसत होतं. मिस्त्रींचा हात थरथरत होता. ते तेव्हा एकसष्टचे होते. जॅक निसटला असता तर अख्ख्या ट्रेलरचं वजन त्यांच्या खांद्यापासून वीतभर वर होतं.

दुसऱ्या दिवशी मी आपोआप समतल करणाऱ्या पायांची चौकशी सुरू केली. अमेरिकेत मोठ्या ट्रेलरना असे चार किंवा सहा पाय सर्रास असतात. मधे एक नियंत्रक, त्यात कल मोजणारा सेन्सर. बटण दाबलं की आधी पुढचा भाग वरखाली होऊन उभी पातळी जुळते, मग डावीउजवी, आणि शेवटी सगळे पाय जमिनीला टेकतात. दोन-तीन मिनिटांचं काम.

बाबा लगेच हो म्हणाले नाहीत, आणि त्यांचे आक्षेप खरे होते. पहिला वजनाचा. चार पाय, पंप, टाकी आणि पाइप मिळून ऐंशी किलोंच्या आसपास, म्हणजे एका आसाच्या लहान ट्रेलरला जवळजवळ एक माणूस आणि त्याचं सामान. तेवढा भार आसाच्या क्षमतेतून वजा होतो. पुढचे पाय आकड्याजवळ, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो तिथे, बसले की आकड्यावरचं वजनही बदलतं, आणि ते एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास राहिलं नाही तर चोर्ला घाटाच्या वळणांवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. दुसरा आक्षेप खाली लोंबणाऱ्या लोखंडाचा. आमच्या गावांतले गतिरोधक ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. तिसरा खाऱ्या हवेचा. मोरजी, हरमलला चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे स्क्रू गंजतात, तिथे या पायांचं काय होणार? आणि खर्च. पूर्ण संचाला ट्रेलर बांधायला लागतो त्याच्या जवळपास चौथा हिस्सा.

महिनाभर रोज रात्री जेवताना हाच विषय. मी वहीत गेल्या हंगामातल्या सगळ्या खेपा लिहून काढल्या, कुठे लावला, किती वेळ लागला, काय अडलं. तेव्हा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त खेपा त्याच तीन कुळागरांत होत्या. जमीन तीच, उतार तोच, आणि आम्ही मात्र दर वेळी तिथे नव्याने फळ्या लावत होतो. मग त्या तिन्ही भाटकारांशी, म्हणजे बागांच्या मालकांशी, बोललो. माडांच्या मुळांना धक्का लागणार नाही अशा जागा निवडल्या, माती उकरून चाकांखाली चिऱ्यांचे दोन पट्टे आणि कोपऱ्यांखाली चार चौथरे पक्क्या पातळीत बसवले. पाणी बाहेर जायला बाजूने चर काढले. चिरे डिचोलीचेच, गवंडी ओळखीचा. तिन्ही जागांचा मिळून खर्च यंत्राच्या किमतीच्या पासंगालाही पुरला नसता. तिथे आता ट्रेलर मागे घेऊन पट्ट्यांवर उभा केला की दहा मिनिटांत काम होतं. माझं ठाम मत आहे की ज्याची जागा ठरलेली आहे त्याने पैसे आधी जमिनीत घालावेत.

उरला चौथा ट्रेलर, तो फिरता. तिळारी, चोर्ला, आंबोली, कधी काणकोण, दर खेपेला जमीन नवी आणि बहुतेक वेळा पोचेपर्यंत काळोख. त्याला पाय लावायचे ठरवलं. प्रत्येक पायाला स्वतंत्र मोटर असलेला विजेचा संच वजनाला हलका पडत होता. तरी आम्ही हायड्रॉलिक घेतला, कारण तीस वर्षं हे वर्कशॉप सिलिंडर, सील आणि होज यांवरच जगलं. विजेची मोटर बंद पडली तर आम्हाला कुणाची तरी वाट बघावी लागली असती, सील गेलं तर बाबा डोळे मिटून बदलतात. होज फुटला तरी पाय खाली बसू नये म्हणून प्रत्येक सिलिंडरवर लॉक व्हॉल्व्ह आहे. बॅटरी संपली तर हातपंप आहे. या दोन गोष्टी नसत्या तर मी तो संच फुकटसुद्धा घेतला नसता.

बसवायला आलेल्या मुलाने शेवटी विचारलं, "फरशी सपाट आहे ना?" मी हो म्हटलं. त्याने नियंत्रकात तीच स्थिती शून्य म्हणून भरली. तो गेल्यावर मिस्त्री पाणसळ घेऊन आत गेले आणि ओट्यापाशीच थांबले. "बाय, हा वाकडा शिकलाय." वर्कशॉपची फरशी पाणी वाहून जावं म्हणून बाबांनीच दाराकडे उतरती केली होती, आठ फुटांत इंचभर, आणि तेवढा कल यंत्राने सरळ म्हणून मनात धरला. तसाच राहिला असता तर प्रत्येक ठिकाणी त्याने ट्रेलर बिनचूक तेवढाच वाकडा उभा केला असता. आम्ही ते पुसलं. ट्रेलरच्या जमिनीवर मधोमध पाणसळ ठेवून, आधी लांबीत मग रुंदीत, एकेक पाय हाताने हलवून बुडबुडा मधे आणला आणि मग नवं शून्य भरलं. आईने वाटीत काठोकाठ दूध ओतून ओट्यावर ठेवलं. चारी कडांना सारखं टेकलेलं दूध मिस्त्री बराच वेळ बघत होते.

यंत्राला कल कळतो, जमीन कळत नाही, हे गिऱ्हाइकांना आम्ही स्पष्ट सांगतो. पायाची थाळी नऊ बाय नऊ इंचांची आहे. ओल्या मातीत ती सरळ आत जाते. म्हणून प्रत्येक पायाखाली अठरा बाय अठराची जाड फळी ठेवायचीच. क्षेत्रफळ चौपट, म्हणजे मातीवरचा दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. चाकांचे ठोकळे कधीच काढायचे नाहीत, आणि पाय कितीही उचलत असले तरी दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली राहिली पाहिजेत. जागा इतकी उतरती असेल की चाक हवेत जातंय, तर जागा बदलायची. घाटात निघण्यापूर्वी चारही पाय पूर्ण वर गेलेत का ते वाकून डोळ्यांनी बघायचं, दिव्यावर विसंबायचं नाही. किनाऱ्यावरून परत आलं की दांडे गोड्या पाण्याने धुवून, पुसून, तेलाचा हात फिरवायचा. दांड्याच्या मुलाम्यावर गंजाचा एक ठिपका पडला की तो सील खरवडतो आणि मग तेल थांबत नाही.

गेल्या पावसाळ्यात आजींचं कुटुंब पुन्हा आलं. या वेळी त्यांना तिळारीला जायचं होतं, म्हणून फिरता ट्रेलर दिला. रात्री अकराला फोन वाजला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पलीकडे त्यांचा नातू होता. पावसाने एक बाजू थोडी बसली होती, त्याने सांगितल्याप्रमाणे सगळ्यांना खाली उतरवून बटण दाबलं होतं, आणि आता दिवा हिरवा झाला तर आत जाऊ का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी ठोकळे बघायला सांगितलं. जागचे हलले नव्हते. मग आत जा म्हटलं. मागून आजींचा आवाज आला, "तिला म्हणावं झोप आता."

सकाळी मी तिळारीला पोचले तर मिस्त्री माझ्याआधी स्कूटरवर येऊन हजर. चारही फळ्यांच्या कडा हाताने चाचपत होते. एक अर्ध्या इंचाने बसली होती, ती त्यांनी मला दाखवली आणि वहीत लिहायला लावली.

बाकीच्या तीन ट्रेलरना पाय लावायचे का, असं बरेच जण विचारतात. कुळागरांतले दोन तसेच राहतील, त्यांना चिरे पुरेसे आहेत. तिसऱ्याला अधूनमधून बाहेरच्या खेपा मिळू लागल्या आहेत. त्याचा निर्णय दिवाळीनंतर, कारण तोवर या संचाचे दोन पावसाळे पूर्ण होतील आणि बाबा सिलिंडर उघडून सीलं बघणार आहेत.