थेंबभर पाण्याने अडलेला सांधा

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका जुन्या बंगल्यात गच्चीवरच्या सोलरपासून खालपर्यंत गरम पाण्याची सगळी लाइन तांब्याची आहे. हल्ली बहुतेक ठिकाणी सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप बसवतात, त्यामुळे असे काम आम्हा प्लंबरांच्या क्वचितच वाट्याला येते. तिथला एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, गळत असल्याचा निरोप मिळताच मी हातातली कामे पुढे ढकलून गेलो.

सांध्यावर आधी कुणीतरी एम-सील थापले होते. ते खरवडल्यावर दिसले की खालचे सोल्डर, म्हणजे सांधा जोडणारा वितळवलेला धातू, नुसते बाहेरून चिकटले होते. पाइप आणि एल्बो यांच्यामधल्या बारीक फटीत ते शिरलेच नव्हते. सांध्याची सगळी ताकद त्या फटीत असते. पृष्ठभाग चकचकीत घासलेले, फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावे म्हणून लावायचे मलम) लावलेले आणि पुरेसे तापलेले असतील, तर वितळलेले सोल्डर केशाकर्षणाने, म्हणजे वातीत तेल चढते तसे, आपोआप आत ओढले जाते.

मी एल्बो कापून काढला आणि पाइपाची टोके पॉलिश पेपरने घासली, पण टाकीखालचा पाणी बंद करायचा जुना गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसल्याने पाइपाच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा थेंब जमत होता. शिसेविरहित सोल्डर वितळायला साधारण 230 अंश सेल्सिअस लागतात, आणि आत पाणी आहे तोवर टॉर्चची उष्णता त्याची वाफ करण्यातच खर्च होते. शिवाय ती वाफ सांध्यातून निसटताना सोल्डरला बारीक छिद्रे पाडते.

मी बंगल्यातल्या आजींकडे पाव मागितला.

“अहो दादा, पावाने पाणी थांबतं होय?”

“थोडाच वेळ थांबतं आजी, पण तेवढा वेळ मला पुरतो.”

पावाच्या कडा पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून त्या काढून फक्त मऊ गाभा पाइपात, सांध्यापासून बराच आत दाबून बसवला. मागे लाकडी कपाट होते. तिथे पत्रा आणि ओले पोते लावले. नवा एल्बो बसवून ज्योत त्याच्यावर फिरवली आणि सोल्डरची तार विरुद्ध बाजूने टेकवली. ज्योतीने तार वितळवणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे, ती तांब्याच्या उष्णतेनेच वितळली पाहिजे. क्षणात ती पातळ झाली आणि सांध्याभोवती चंदेरी कडे धरले. सांधा न हलवता निवू दिला, मग तांबे खाणारे उरलेले फ्लक्स ओल्या फडक्याने पुसले. हेच पाणी स्वयंपाकघरातही जाते, म्हणून इलेक्ट्रिकच्या कामाचे कथील-शिशाचे सोल्डर मी अशा लाइनला कधीच लावत नाही; अमेरिकेने तर पिण्याच्या पाण्याच्या नळकामात ते 1986 मध्येच बंद केले.

पाणी सोडण्याआधी जवळच्या नळाची जाळी काढली. पावाचा लगदा शॉवरकडे गेला असता, तर त्याची छिद्रे बुजली असती. लगदा निघून पाणी स्वच्छ आल्यावर सांध्याला कोरडा कागद लावून पाहिला. तो कोरडाच राहिला. गेट व्हॉल्व्हच्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवायला आजींनी लगेच होकार दिला, पण त्यासाठी टाकी रिकामी करावी लागणार असल्याने ते काम पुढच्या खेपेवर ठेवले.