मिलरोझ गेम्स, न्यूयॉर्क: एडिसनहून १६८व्या रस्त्यापर्यंत आणि दोनशे मीटरच्या ट्रॅकभोवती

६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये १५०० मीटरची अंतिम शर्यत झाली. पहिले तिघे: कोल हॉकर ३:२७.६५, जॉश केर ३:२७.७९, यारेड नुगूसे ३:२७.८०. हे तिघेही त्याच वर्षी ११ फेब्रुवारीला मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला मिलरोझ गेम्स या इनडोअर शर्यतींच्या स्पर्धेत, एका छपराखाली धावले होते. त्या दिवशी तिथे असलेल्या प्रेक्षकाने ऑलिंपिकचं अख्खं पदकमंच सहा महिने आधी, दोनशे मीटरच्या ट्रॅकवर पाहिलं. पुढचं ऑलिंपिक २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला आहे. न्यू जर्सीत किंवा आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींनी त्या वर्षीचा हिवाळा आतापासूनच डोक्यात ठेवावा.

वानामेकर या मोठ्या दुकानाच्या कर्मचाऱ्यांच्या क्लबाने ही स्पर्धा १९०८ मध्ये सुरू केली. मुख्य शर्यतीला वानामेकर माइल म्हणतात ते त्यामुळेच. कित्येक दशकं ती मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, मैलाला अकरा फेऱ्या लागणाऱ्या लाकडी ट्रॅकवर व्हायची. २०१२ पासून ती 'द आर्मरी'मध्ये होते. ही मूळची लष्करी कवायतीची इमारत. आता आत सहा लेनचा, वळणांवर उंचावलेला मोंडो (कृत्रिम रबराचा) ट्रॅक आहे.

जायचं कसं? न्यू जर्सीच्या एडिसनहून न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला जाणारी नॉर्थईस्ट कॉरिडॉरची रेल्वेगाडी शनिवार-रविवारी विरळ असते, आणि प्रत्येक गाडी एडिसनला थांबत नाही. मेट्रोपार्कला जास्त गाड्या मिळतात, मोटार लावायलाही ते सोपं. तिकीट फलाटावरच किंवा ॲपवर काढा, कारण मशीन असलेल्या स्टेशनवरून चढून आत तिकीट घेतलं तर वरून आकार बसतो. पेन स्टेशनपर्यंत साधारण पाऊण ते एक तास. शक्यतो मागच्या डब्यात बसा. गाडी पश्चिमेकडून आत शिरते, त्यामुळे मागचं टोक आठव्या ॲव्हेन्यूकडे येतं आणि पुढची सबवे त्याच रस्त्याखाली आहे. पुढच्या डब्यातून उतरलात तर गर्दीतून सगळं स्टेशन उलटं चालत यावं लागतं.

सबवेत 'अपटाउन' बाजूची ए गाडी धरा. या स्टेशनवर ए मधल्या फलाटावर लागते, सी आणि ई कडेच्या. ई चुकूनही पकडू नका, ती क्वीन्सला वळते. ए ५९व्या रस्त्यानंतर एकदम १२५ला थांबते आणि पंचवीस-तीस मिनिटांत आर्मरीजवळच्या १६८व्या रस्त्याला पोहोचवते. सुट्टीच्या दिवशी रुळांची कामं निघतात, मग हीच ए लोकल होऊन प्रत्येक स्टेशन घेते. म्हणून वीस मिनिटं हाताशी ठेवावीत. १ नंबरची गाडीही १६८ला जाते, पण तिचा फलाट फार खोल आहे. वर यायला लिफ्टची रांग लागते, आणि शर्यती संपल्यावर ती आणखी वाढते. वेगळं तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड फाटकाला टेकवलं की झालं (२०२४ मध्ये भाडं २.९० डॉलर होतं). वर आल्यावर ब्रॉडवेवरून पश्चिमेला एक चौक चाललं की फोर्ट वॉशिंग्टन ॲव्हेन्यू. विटांची मोठी इमारत लगेच दिसते.

प्रवेशाचं तिकीट मात्र आधीच काढून ठेवायला हवं. बसायच्या जागा मोजक्या आहेत आणि ऑलिंपिकच्या वर्षी त्या लवकर संपतात. तारखेलाही फसू नका: २०२४ ला रविवार होता, २०२५ ला ८ फेब्रुवारीचा शनिवार.

टीव्हीवर दिसतात त्या शर्यती दुपारनंतरच्या. त्याआधी शाळकरी मुलं, कॉलेजचे संघ आणि वयस्क धावपटू यांच्या शर्यती होतात. तेव्हाच पोचावं. जागेची, घड्याळाच्या फलकाची, वळणांची ओळख होते, आणि मुख्य शर्यत सुरू झाल्यावर मान इकडेतिकडे वळवत बसावं लागत नाही. त्याच इमारतीत अमेरिकेच्या ॲथलेटिक्सचं हॉल ऑफ फेम आहे, तेही मधल्या वेळात बघून होतं.

बसायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे वळण संपून सरळ पट्टा सुरू होतो तिथली. वळणावर दुसऱ्याच्या बाहेरून पुढे जायचं तर जवळपास एका लेनचा फरक पडतो, म्हणजे दर वळणाला साधारण तीन मीटर जादा धावायचे. म्हणून शहाणा धावपटू वळणावर दबा धरतो आणि उताराचा फायदा घेत सरळ पट्ट्याच्या तोंडाशी झेप घेतो. शर्यत तिथेच फिरते. साठ मीटर बघायचं असेल तर गोष्ट वेगळी. ती मैदानाच्या मधोमध सरळ पट्ट्यावर होते, रेषेपलीकडे थांबायला जागा कमी, आणि धावपटू थेट गाद्यांच्या भिंतीवर आदळून थांबतात. हे जवळून पाहिल्याशिवाय त्या वेगाचा अंदाज येत नाही.

हातात स्टॉपवॉच असूद्या, मोबाइलचं चालेल. मैल म्हणजे १६०९.३४ मीटर, म्हणजे आठ फेऱ्या आणि वर ९.३४ मीटर. त्यामुळे सुरुवात अंतिम रेषेच्या नऊ मीटर मागून होते. बंदुकीच्या आवाजावर पहिली फेरी मोजली तर ती संथ भासते आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. पहिला धावपटू रेषा ओलांडेल तेव्हा बटण दाबा, मग दर फेरीला. दोन मैलांत हे जादा अंतर १८.६९ मीटर असतं, म्हणजे जवळपास तीन सेकंदांचा घोटाळा.

२०२४ चे आकडे पट्टी म्हणून वापरता येतील. नुगूसेने मैल ३:४७.८३ मध्ये जिंकला, म्हणजे सरासरी २८.३ सेकंदांची फेरी. महिलांच्या मैलात एल सेंट पिअर ४:१६.४१, फेरी ३१.९ ची. वर्षभरापूर्वीच, मार्च २०२३ मध्ये, ती आई झाली होती, आणि हा अमेरिकेचा इनडोअर विक्रम ठरला. तिच्यामागे दुसरी आलेली ऑस्ट्रेलियाची जेसिका हल पॅरिसमध्ये १५०० चं रौप्य घेऊन गेली. केरचे दोन मैल ८:००.६७: सोळा फेऱ्या, प्रत्येक तीस सेकंदांच्या किंचित आत. ब्रिटनच्या मो फराहची ८:०३.४० ही तोवरची सर्वोत्तम इनडोअर वेळ त्याने मागे टाकली. दुसरा आलेला ग्रँट फिशर पॅरिसमध्ये पाच आणि दहा हजार मीटर दोन्हींत कांस्य जिंकला, तिसरा आला तो हॉकर. फेब्रुवारीत तिसरा आलेला माणूस ऑगस्टमध्ये सुवर्ण जिंकतो, तेव्हा फक्त विजेत्याकडे बघून परत येऊ नका.

चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या वेळाही टिपून ठेवा, कारण पॅरिसच्या पात्रतेसाठी १५०० ऐवजी मैलाची वेळ चालत होती: पुरुषांना ३:५०.४०, महिलांना ४:२०.९०. टाळ्या विजेत्याला मिळत असताना मागे कोणीतरी ऑलिंपिकची पात्रता मिळवत असतं. २०२८ चे आकडे वेगळे असतील, निघण्याआधी ते कागदावर लिहून घ्यावेत.

महिलांची साठ मीटर अडथळा शर्यत आठ सेकंदांच्या आत संपते, पापणी लवू देऊ नका. पाच अडथळे, पहिल्यापर्यंत १३ मीटर, मध्ये साडेआठ-साडेआठ, शेवटी पुन्हा १३. बहामाच्या डेव्हिन चार्ल्टनने २०२४ मध्ये इथे ७.६७ ची विश्वविक्रमी वेळ दिली आणि सुझाना कालूरचा २००८ चा ७.६८ चा विक्रम मोडला. तीन आठवड्यांनी ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत तिने तोही ७.६५ वर आणला. पहिल्या अडथळ्यावर कोणाचा पाय आधी खाली येतो एवढंच बघा, निकाल बहुधा तिथेच कळतो.

आतली हवा गरम आणि फार कोरडी असते. शर्यत संपली की धावपटू खोकताना दिसतात ते त्यामुळे, आजारी म्हणून नव्हे. बाहेर कडाक्याची थंडी, आत कोट नकोसा, म्हणून थरांचे कपडे हवेत आणि घसा ओला ठेवायला पाणी हवं. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी पंप खिशातच ठेवावा. मोठी पिशवी नेऊ नका, ती मांडीवर घेऊनच बसावं लागतं.

जेवणाला ब्रॉडवेवर या. वस्ती डोमिनिकन आहे. तळलेली कच्ची केळी, भात आणि राजमा स्वस्तात आणि पोटभर मिळतं. शाकाहारी असाल तर राजम्यात मांस आहे का ते आधी विचारा, बऱ्याचदा असतं. लहान मुलं बरोबर असतील तर घरून दशम्या आणलेल्या बऱ्या, येता-जाता गाडीत कामी येतात.

परतताना पेन स्टेशनवर गाडीचा फलाट सुटायच्या जेमतेम दहा मिनिटं आधी फलकावर लागतो आणि सगळे एकदम जिन्याकडे धावतात. तिकीट आधीच हातात ठेवा, आणि मुलांचा हात सोडू नका.