पट्टीपासून लिंकपर्यंत : आमची वाटचाल

देवगड तालुक्यात कातळावर आमची हापूसची कलमं आहेत. सासऱ्यांच्या काळात सगळा माल नवी मुंबईत वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. संध्याकाळी पेट्या ट्रकमध्ये चढायच्या, पहाटे बाजारात उतरायच्या, आणि काय भावाने गेल्या ते पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, आल्यावर कळायचं. गाडीभाडं, हमाली, तोलाई, दलाली सगळं वजा होऊन. खताला आणि फवारणीला उचलही दलालाकडूनच घेतलेली, त्यामुळे भावावरून बोलायला तोंड नसायचं. पडत्या वर्षात त्याच उचलीवर घर चाललं, हेही खरं. पण आपल्या आंब्याची किंमत आपण सांगायची नाही, हे मला लग्न होऊन इथे आल्यापासून खटकत होतं.

2016 च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. यूपीआयही त्याच वर्षी आलं. तरी आमची थेट विक्री ओळखीपाळखीपुरतीच राहिली. मुंबईचे चाकरमानी फोनवर पेट्या सांगायचे आणि पैसे गणपतीला गावी आले की हातात द्यायचे.

मार्च 2020 मध्ये ऐन हंगामात टाळेबंदी लागली. वाशीचा भरवसा राहिला नाही आणि मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या येऊ लागल्या. आम्ही क्यूआर कोडचा फोटो पाठवायचो. एकाच दिवशी सारख्याच रकमा जमा व्हायच्या, शेऱ्यात फक्त ‘आंबा’. पैसे नवऱ्याच्या खात्यातून, ऑर्डर बायकोच्या नावाची, पत्ता सासूबाईंचा. रात्री कंदील लावून मी आणि भाऊजी बँकेचा उतारा आणि वही जुळवत बसायचो. स्क्रीनशॉट बघून पेटी सोडायची नाही, हा नियम तेव्हाच झाला, कारण स्क्रीनशॉट कोणालाही बनवता येतो.

मग पेमेंट गेटवेकडे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करणाऱ्या कंपनीकडे, नोंदणी केली. तिथून पैसे भरायची लिंक बनवून गिऱ्हाइकाला पाठवता येते. पॅन, बँक खातं, उद्यम नोंदणी एवढ्या कागदांवर काम झालं. लिंक आणि क्यूआर यांतला फरक धंद्यात उतरल्यावर कळतो. क्यूआर सगळ्यांना एकच. लिंक त्या एका ऑर्डरची असते: रक्कम आधीच भरलेली, ऑर्डरचा क्रमांक जोडलेला, मुदत ठरलेली. पैसे आले की कोणाच्या पेटीचे ते विचारावं लागत नाही. वही जुळवण्याचं काम संपलं आणि ती रात्र पेट्या भरायला मिळाली.

खर्च आहे. कार्डाने पैसे आले की साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे तीन हजारांच्या पेटीमागे 70 रुपये 80 पैसे. हे आम्ही किमतीतच धरतो. गिऱ्हाइकाकडे वेगळं मागणं मला पटत नाही. दुसरी अडचण अशी की गेटवेचे पैसे खात्यात यायला कामकाजाचे एक-दोन दिवस लागतात, आणि झेल्याने आंबे उतरवणाऱ्या गड्यांची मजुरी शनिवारीच द्यायची असते. तेवढी रोकड बाजूला ठेवूनच हंगाम सुरू करावा.

मोहोर बघून लिंक पाठवायची नाही, हे आमचं पक्कं आहे. जानेवारीत बाग कितीही बहरलेली दिसली तरी फुलकिडे आहेत, अवकाळी आहे, उन्हाने गळ आहे. फळ पिकायला आढीत पडलं की मगच लिंक. तिची मुदत दोन दिवस, कारण आढीतला आंबा थांबत नाही. आगाऊ पैसे घेऊन विकणारे पुष्कळ आहेत. ज्याच्या हाती फळच नाही त्याने लोकांचे पैसे वापरू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

वयस्कर गिऱ्हाइकं लिंकला घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. म्हणून आधी फोन, मग लिंक. “काकू, स्क्रीनवर आमच्या बागेचं नाव आणि तुम्हाला सांगितलेली रक्कम दिसते का बघा, मगच पिन टाका. ओटीपी आम्हाला सांगू नका, आम्ही विचारणारही नाही.” कोणी तरीही नको म्हणालं, तर पेटी पोचल्यावर पैसे. अशा जुन्या घरांना मी कधी आग्रह केला नाही.

लिंकचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र मला पैसे परत करताना झाला. हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही. कापल्यावर आत पांढरट, आंबट गर निघतो. वाशीच्या व्यवहारात तो आंबा कोणाच्या ताटात गेला, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आता गिऱ्हाईक कापलेल्या फोडीचा फोटो पाठवतं आणि तेवढ्या फळांचे पैसे आम्ही त्याच व्यवहारातून, ज्या खात्यातून आले तिथेच परत करतो. कोणत्या कलमांच्या फळात साका जास्त निघतो, याची वही भाऊजींनी त्यावरूनच सुरू केली. पुढच्या हंगामात त्या कलमांची फळं पेटीत भरली नाहीत, कॅनिंगला दिली.

परदेशात असलेली मुलं डोंबिवली-ठाण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवतात, तो आमचा नवा गिऱ्हाईकवर्ग. बाहेरच्या कार्डावर गेटवे जास्त कापतो. पण 2023 पासून अमेरिका, इंग्लंड, अमिराती अशा दहा देशांतल्या मोबाइल क्रमांकांवर एनआरई-एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या बँक खात्याचं यूपीआय चालू करायला परवानगी मिळाली. म्हणून लिंक पाठवण्याआधी तसं खातं आहे का, हे मी विचारून घेते.

अजूनही बराच माल वाशीला जातो. बारीक फळ आणि मे अखेरची घाई तिथेच खपते. पण आता दलालाचा फोन आला की घरपोच पेटी कितीला जाते, हे आम्ही त्याला सांगतो, आणि बोलणं तिथून सुरू होतं.