बॉयलरखालची बादली: हिवाळ्याची नोंदवही

ऑक्टोबर २०२४

घर लंडनच्या पश्चिमेला, हाउन्स्लोत. १९३०च्या दशकातलं, एका बाजूने शेजाऱ्याला चिकटलेलं. खोल्या तापवायला गरम पाण्याचे नऊ रेडिएटर, स्वयंपाकघरात कॉम्बी बॉयलर, म्हणजे रेडिएटर आणि नळ दोन्हींचं पाणी तापवणारा. बसवणाऱ्याने फ्लो, म्हणजे बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान, ७५ अंशांवर ठेवला आणि गेली सहा वर्षं आम्ही त्या बटणाला हात लावला नाही. बॉयलर कंडेन्सिंग आहे, पण नावापुरता. धुरातल्या वाफेचं पाणी व्हायचं तर परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं. आमचं परत यायचं ६२ने. म्हणजे वाफ वाफच राहायची आणि भिंतीबाहेरच्या नळकांड्यातून निघून जायची.

एक घनमीटर गॅस जळला की जवळपास दीड लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात असतं; ती सगळी वाफ बॉयलरच्या आतच द्रवरूप करता आली, तर लिटरमागे पाऊण युनिटाहून (युनिट म्हणजे किलोवॅट-तास) थोडी कमी उष्णता परत मिळते. मग बॉयलर खरंच कंडेन्स करतोय का, हे पाहायला पुस्तक कशाला? हे पाणी बाहेर मोरीवर सोडणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपाखाली बादली ठेवली. पाइप उंचीने अडचणीचा, म्हणून त्याला एक बारीक नळी जोडली. ही नळी लक्षात ठेवा.

पहिले चोवीस तास, फ्लो ७५: गॅस ७.४ घनमीटर, बादलीत जेमतेम अर्धा लिटर.

नोव्हेंबर

फ्लो ५५वर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत पाच लिटर! गॅस सात घनमीटर. मत्स्यटाकीच्या पाण्याची आम्लता मोजायची पट्टी बुडवली तर पाणी चांगलंच आम्लधर्मी निघालं, तेव्हा कोणी हे बागेतल्या झाडांना घालू नका. सिमेंटवरही सांडू देऊ नका.

पण ५५वर न्हाणीघरातला रेडिएटर रुसला. वरून कोमट, खालून गार. वर गार असता तर हवा अडकली असती आणि किल्लीने फुसकन सोडता आली असती. खाली गार म्हणजे गाळ. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले, खाली जुने टॉवेल अंथरले आणि रेडिएटर उचलून मागच्या अंगणात नेला. पाइप लावल्यावर जे बाहेर आलं त्याला पाणी म्हणवेना. दौतीतली शाई. लोहचुंबक धरला तर काळा चिखल त्याला केसाळ सुरवंटासारखा चिकटला. बायकोने खिडकीतून एकदा पाहिलं आणि पडदा ओढला. परत बसवल्यावर गंजरोधक द्रव घातला, प्रेशर पुन्हा १.३ बारला आणलं.

मग बॅलन्सिंग. यात दोन शनिवार गेले आणि इथे घाई करून चालत नाही. बॉयलरजवळचे रेडिएटर सगळं गरम पाणी ओरपतात, लांबचे उपाशी. जवळच्यांचे लॉकशील्ड (रेडिएटरमधून किती पाणी जाईल ते ठरवणारे व्हॉल्व्ह) पाव-पाव आटे आवळत जायचं, प्रत्येक वेळी वीस मिनिटं थांबायचं, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपाचं तापमान बघायचं. मी दोन पाइपांत पंधरा अंशांचा फरक धरला. दिवाणखान्यातला शेवटी फक्त अर्धा आटा उघडा राहिला, तरी पुरतो.

डिसेंबर

आई साताऱ्याहून आली. पहिल्याच संध्याकाळी रेडिएटरवर तळहात ठेवून म्हणाली, "अरे, हे कोमटच आहे. बंद पडलंय का?" मी थर्मोस्टॅट दाखवला, २० अंश. तिचा यंत्रावर विश्वास नाही, हातावर आहे. "बंबाला हात लागला तर चटका बसायचा, तेव्हा कळायचं पाणी तापलंय."

बंबाची आठवण निघाली ते बरं झालं. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, आणि वरच्या तोंडातून धूर. त्या तोंडावर हात धरवत नसे, एवढी धग. आजीने फोडलेल्या बंबफोडातली निम्मी तरी तिथून आकाशात जात असणार. आईला बाहेर नेऊन आमच्या बॉयलरचं धुराडं दाखवलं, समोर हात धरायला लावला. धूर जेमतेम कोमट, नुसता दमट. "मग ऊब गेली कुठे?" घरात, म्हटलं. पटलं असावं, पण स्वेटर काही उतरला नाही.

आता आकडे, कारण तुम्ही विचारणारच. बाहेरचं दिवसाचं सरासरी तापमान १५.५ अंशांपेक्षा जेवढं कमी, तेवढे त्या दिवसाचे डिग्री-डे. आंघोळ-स्वयंपाकाचा उन्हाळ्यातला गॅस आठवड्याला सहा घनमीटर, तो वजा केला. फ्लो ७५च्या आठवड्यात ५६ डिग्री-डेला ४६ घनमीटर, म्हणजे डिग्री-डेमागे ०.८२. फ्लो ५५च्या आठवड्यात ७०ला ५२, म्हणजे ०.७४. नऊ-दहा टक्के बचत. यातले चारेक टक्केच बादलीतल्या जादा पाण्यावरून सिद्ध होतात. उरलेले, माझ्या मते, वरच्या खोल्या उगाच २३ला जायच्या त्या थांबल्याचे. गॅसची नियामकाने ठरवलेली किंमत-मर्यादा जानेवारी ते मार्च २०२५ साठी युनिटला ६.३४ पेन्स, एका घनमीटरमध्ये सव्वाअकरा युनिटं. हिशेब महिन्याला पंधरा-सोळा पौंडांवर येतो. श्रीमंत होत नाही कोणी, पण बटण फिरवायला खर्चही शून्य. (बॉयलरचं कव्हर मात्र मी उघडलेलं नाही. ते गॅस सेफ, म्हणजे ब्रिटनमधल्या अधिकृत गॅस-मेकॅनिकांच्या, नोंदणीवाल्याचं काम. आणि ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी टाकीचे ६० अंश कमी करू नयेत, लीजनेला जिवाणूंचा धोका असतो.)

जानेवारी २०२५

दुसरा आठवडा. मागच्या दाराबाहेर उणे ४. सकाळी सहाला बॉयलरमधून हुक्क्यासारखा गुडगुड आवाज, मग लाल दिवा आणि सारं थंड. आई शाल घेऊन जिन्यात उभी.

कारण तुम्ही ओळखलं असेल. ती बारीक नळी. कंडेन्सेटचा, म्हणजे वाफेपासून झालेल्या या पाण्याचा, पाइप गोठला की पाणी मागे तुंबतं आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. त्यात फ्लो कमी केल्यामुळे आमच्याकडे रोज पाच लिटर पाणी त्याच वाटेने जायचं. नळी उपटून फेकली. आईने टॉर्च धरला, मी पाइपावर कोमट पाणी ओतत राहिलो. उकळतं ओतू नका, प्लास्टिक तडकतं. चौथ्या तांब्याला आत काहीतरी सुटलं, बर्फाची बोटभर कांडी मोरीत पडली आणि मागून भडाभडा पाणी आलं. रीसेट दाबलं, ज्योत लागली.

त्या आठवड्यात ५५ने दिवाणखाना १८च्या वर जाईना, म्हणून फ्लो ६२ केला. थंडी ओसरल्यावर परत खाली. हा हाताने फिरवायचा उद्योग बाहेरचा सेन्सर आपोआप करतो, तो याच बॉयलरला बसतो का ते सर्व्हिसिंगच्या वेळी विचारणार आहे. पाइपावर जाड फोम चढवलाय. बादली आता आईच्या ताब्यात आहे, ती त्यात मेथी पेरायचं म्हणतेय. आधी तीनदा धुवायला सांगितलंय.